पत्र्याला सुरकुती पडते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं चांदीकाम शिकून झालंय, टॉर्च आणि कानस हाताला बसलीय. खडकांचे थर आणि उत्खननात निघालेल्या वस्तू बघून दागिने करावेसे वाटतात. पण हातून जे उतरतं ते एक तर ‘अँटिक’ म्हणून विकतात तसलं काळवंडलेलं नकली काम दिसतं, नाहीतर नुसता ठोकून खडबडीत केलेला पत्रा. सुरुवात कुठून करायची? आणि खरे जीवाश्म, जुनी नाणी, उत्खननातले मणी वापरावेत का?

आधी तो खडबडीत पत्रा घेऊ, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात. गोल तोंडाची हातोडी घेऊन आपण पत्रा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा ठोकतो आणि त्याला खडकाचा पोत म्हणतो. खडकात इतकं सारखं काही नसतं. पाणी वाहिलं तिथे तो गुळगुळीत, तुकडा निखळला तिथे धारदार, दोन थर भेटले तिथे एक रेघ. प्रत्येक खुणेमागे कारण असतं. बघणाऱ्याला ते कारण सांगता येणार नाही, पण ते नसलं की त्याला लगेच काहीतरी खटकतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी खडकाचं चित्र काढायला लावत नाही. हा खडक असा का झाला ते दोन वाक्यांत सांगा, मग तेच धातूच्या बाबतीत घडवता येतं का बघू, असं म्हणतो. बहुतेक वेळा येतं. धातू तापतो, वितळतो, आकसतो, थराथराने चिकटतो, झिजतो. खडकही तेच करतो, त्याला घाई नसते एवढंच.

लाव्ह्याचं उदाहरण घ्या. पाहोएहोए नावाच्या लाव्ह्यावर दोरखंड रचून ठेवल्यासारख्या वळ्या दिसतात. वरची साय थंड होऊन घट्ट होत आलेली असते, आतला रस वाहतच असतो, तो सायीला ओढत नेतो आणि तिला चुण्या पडतात. चांदीच्या पत्र्यावर अशीच साय धरवून तिला चुण्या पाडता येतात. या कामाला रेटिक्युलेशन म्हणतात आणि तुमच्या जागी मी असतो तर पुढचे दोन महिने दुसरं काही केलं नसतं.

त्याची कृती नीट सांगतो. ८२ टक्के चांदी आणि १८ टक्के तांबं असलेला, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा. ९२.५ टक्क्यांच्या चांदीवरही होतं, पण चुण्या उथळ येतात. पत्रा मंद लालसर होईपर्यंत तापवायचा, तसाच काही मिनिटं धरायचा, निववायचा आणि पिकलमध्ये, म्हणजे धातू साफ करायच्या सौम्य आम्लात, टाकायचा. तापताना पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं, पिकल ते काळं खाऊन टाकतं, आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ पापुद्रा राहतो. पितळी ब्रशने घासून पुन्हा तापवा, पुन्हा पिकल. असं पाच-सात वेळा. शेवटी पत्रा काळा पडायचा थांबतो आणि खडूसारखा पांढरा दिसतो. तो पांढरा पापुद्रा म्हणजे आपली साय.

आता खरा खेळ. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. चांदी-तांब्याचं मिश्रण मात्र ७७९ अंशांपासूनच आतून वितळू लागतं. म्हणजे एक अवस्था अशी येते की आतला भाग रस झालाय आणि वरचा पापुद्रा अजून घट्ट आहे. ज्योत मोठी ठेवून सगळा पत्रा त्या उंबरठ्यावर आणायचा, मग ज्योत बारीक करून एका कोपऱ्यातून पुढे सरकवत न्यायची. ज्योतीखाली पत्रा आरशासारखा चकाकतो, एक क्षण थरथरल्यासारखा होतो, आणि ज्योत पुढे गेली की मागे आतला रस गोठताना आकसतो आणि पापुद्र्याला सुरकुत्या पडतात. हे डोळ्यांदेखत होतं, आणि मला अजूनही दर वेळी नवल वाटतं. सुरकुत्यांचा कल ज्योतीच्या चालीवर ठरतो. सरळ नेलीत तर समांतर वळ्या, रेंगाळलात तर दाट गुंता.

पहिल्या खेपेला मी दोनदाच तापवून घाई केली होती. साय धरलीच नव्हती. पत्र्याला मधोमध भोक पडलं, कडा मागे सरकत गेल्या आणि सगळ्याची मिळून एक गोळी झाली. ती गोळी अजून माझ्या खणात आहे. दुसरी अडचण नंतरची: असा पत्रा ठिसूळ होतो, वाकवायला गेलात तर चिरतो. शिवाय त्याच्या अंगात डाख, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, झिरपतो. म्हणून अंगठीची पट्टी किंवा खड्याचं घर त्याच्यावर थेट झाळू नका. मागे साधा पत्रा द्या आणि जोडकाम शक्यतो त्याच्याशी करा.

गाळाच्या खडकासारखे थर हवे असतील तर समुद्रफेन घ्या, म्हणजे कटलफिशचं हाड. त्या प्राण्याने वाढता वाढता एकावर एक घातलेले चुनखडीचे पातळ मजले असतात ते. हाड मधून कापून त्यात आकार कोरा आणि मऊ ब्रश फिरवा. ठिसूळ भाग उडून जातो आणि टणक रेघा वर येतात. वाऱ्याने झिजलेल्या वालुकाश्मात नेमकं हेच झालेलं असतं. मग चांदी ओता. जळक्या नखांसारखा वास सुटतो, खिडकी उघडी ठेवा. साचा एकदाच चालतो. मोकुमे-गाने हे जपानी काम याच कुळातलं. रंगीत धातूंचे थर उष्णता आणि दाबाने एकजीव करायचे, मागून ठोके देऊन उंचवटे काढायचे आणि वरून सपाट कानशीत घासून टाकायचे. जे नक्षीदार रूप दिसतं ते वळ्या पडलेल्या आणि मग झिजलेल्या डोंगराच्या नकाशासारखं असतं. पण ते शिकायला वर्षं लागतात. तुमच्या दुसऱ्या वर्षात त्याच्या नादी लागू नका.

इथपर्यंत पोताचं झालं. रचनेचं थोडं वेगळं आहे. १७८८ साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला गेला. तिथे खालचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर दुसरे, लालसर थर साधारण आडवे पहुडलेले आहेत. खालचे साठले, दगड झाले, उभे उचलले गेले, झिजून सपाट झाले, आणि मग त्यावर नवे साठले. दोन्हींच्या मधल्या रेघेत कोट्यवधी वर्षं गायब आहेत. भूशास्त्रात याला विसंगती म्हणतात. मी यावर एक ब्रोच केला होता: खाली उभ्या रेघांचं चांदीचं अंग, वर आडवी सोन्याची पट्टी. जोड उघडा-बोडका वाटायला लागला म्हणून मी त्यावर पिळाची तार झाळली. झालं, सगळा जीव गेला. जिथे काहीच नाही ती जागा हाच त्या ब्रोचचा विषय होता, आणि मी ती नक्षीने बुजवली. दुसरा केला तेव्हा जोड तसाच सोडला, फक्त कड अगदी काटेकोर बसवली. दागिना घडवणाऱ्याचा हात रिकामी जागा दिसली की शिवशिवतो. त्यावर लक्ष ठेवा.

आता ‘अँटिक’ दिसण्याचं. आपण काय करतो? दागिना गंधकाच्या पाण्यात बुडवून सगळा काळा करतो आणि उंचवटे घासून चकचकीत करतो. लोकांना ते जुनं वाटतं, कारण जुन्या कपाटात पडून राहिलेली चांदी अशी दिसते. तो काळेपणा हवेतल्या गंधकाचा असतो. जमिनीतून निघालेली चांदी वेगळी दिसते. मातीतल्या क्षारांनी तिच्यावर बहुतेकदा चांदीच्या क्लोराइडचा राखाडी, गाठीगाठीचा थर चढलेला असतो, आणि तो गळ्यात घालण्यासारखा मुळीच नसतो. सोन्याला तर काहीच होत नाही. इराकमधल्या उर या प्राचीन शहरात, राजघराण्याच्या थडग्यांतून पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला मिळालेली सोन्याची पानं साडेचार हजार वर्षांनंतरही पिवळीधमक आहेत. म्हणजे काळ्या पॉलिशमधून आपण उत्खननाचा नाही, जुन्या कपाटाचा आभास आणत असतो.

खरं जुनेपण दिसतं ते झिजेत. संग्रहालयात गेलात तर वस्तूच्या समोर उभं राहण्याऐवजी कडेला उभे राहा आणि अंगठीची पट्टी बाजूने बघा. तळहाताकडची बाजू पातळ झालेली असते, कारण ती पकडीत घासली जाते. लटकनाची कडी वरच्या टोकाला आतून खाल्लेली असते. मण्याच्या भोकाची कड शेजारच्या मण्याने गोल केलेली असते. ही झीज वापरातून आलेली असते, म्हणून ती वापराच्याच जागी असते.

याच्या उलट काय होतं त्याचं नामांकित उदाहरण म्हणजे सैताफार्नेसचा मुकुट. १८९६ साली लूव्र संग्रहालयाने तो प्राचीन ग्रीक म्हणून दोन लाख सुवर्ण फ्रँक देऊन घेतला. काही जाणकारांना शंका होतीच, आणि त्यातली एक अशी की ठोकर लागल्याच्या खुणा मुख्य चित्रांना सोडून भलतीकडेच आहेत. १९०३ मध्ये उलगडा झाला: ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की याने तो काही वर्षांपूर्वी घडवला होता. दलालांनी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं, ते प्राचीन म्हणून खपवलं जाणार हे त्याला ठाऊक नव्हतं. कारागिरी अव्वल होती, झीज खोटी होती. तुमच्या कामात झीज हवीच असेल तर कडा ओपणीने गोल करा, अंगाला लागणारी बाजू गुळगुळीत ठेवा, आणि बाकीचं घालणाऱ्यावर सोडा. दोन वर्षांत तो स्वतःची झीज चढवतो.

पुरातत्त्वातून घेण्यासारखी मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वस्तूंची नाहीच, खोदणाऱ्यांच्या युक्तीची आहे. उरला वूलीला जमिनीत पोकळ्या सापडल्या. वीणेचं लाकूड कुजून गेलं होतं, मातीत त्याची नुसती जागा उरली होती. त्याने त्यात प्लास्टर ओतलं आणि नसलेल्या लाकडाचा आकार बाहेर काढला. इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत ज्युसेप्पे फिओरेली याने १८६३ साली राखेत उरलेल्या माणसांच्या पोकळ्यांबाबत तेच केलं. जीवाश्मही कित्येकदा असेच होतात: शिंपला विरघळून जातो, साचा राहतो, त्यात दुसरं खनिज भरतं. आणि आपण मेण जाळून ओतकाम करतो तेव्हा काय करतो? हेच. त्यामुळे शिंपल्याची नक्कल मेणात कोरत बसण्यापेक्षा खरी वाळकी शेंग, फांदी, बोंड साच्याच्या प्लास्टरमध्ये गाडा, भट्टीत पूर्ण जाळून राख करा आणि त्या जागी धातू येऊ द्या. जाड देठ असेल तर राख साच्यात अडकते, म्हणून भट्टी नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवा आणि निवण्याआधीच साच्यातून हवा फुंकून घ्या. पान पातळ असेल तर मागून मेणाचा हात द्या, नाहीतर धातू पोहोचतच नाही.

जुन्या तारेची गंमत सांगतो. तार ओढायची जंत्री नव्हती तेव्हा पातळ पत्र्याची अरुंद पट्टी कापून पिळायची आणि दोन सपाट फळ्यांमध्ये लाटायची, अशी रीत होती. भिंगाखाली अशा तारेवर स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी रेघ फिरत गेलेली दिसते. जंत्रीतून ओढलेल्या तारेवर सरळ, लांबीच्या दिशेने ओरखडे असतात. नकली प्राचीन दागिना पकडायला जाणकार हेच आधी बघतात. एकदा दोन मिलिमीटरची पट्टी कापून करून बघा. जी तार येते ती किंचित असमान असते, उजेड तिच्यावर थांबत थांबत जातो. जंत्रीच्या तारेला काहीही केलं तरी ते येत नाही. प्राचीन रूप तुम्हाला रंगातून मिळणार नाही, अशा कामातून मिळेल.

रवेकामाचंही तसंच. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन सोनारांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात सोन्यावर धुळीएवढे बारीक रवे असे बसवले की डाखाचा मागमूस नाही. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी घराण्याने ते साधायला आयुष्यं घातली, पण त्यांचे रवे डाखात बुडायचे. युक्ती डाखात नव्हतीच. वाटलेलं मॅलाकाइट (तांब्याचं हिरवं खनिज) किंवा तसलाच तांब्याचा क्षार डिंकात कालवून रवे चिकटवायचे. तापवलं की डिंकाचा कोळसा होतो, कोळसा तांब्यातला प्राणवायू काढून घेतो, आणि सुटलेलं किंचित तांबं रवा आणि पत्रा टेकतात तेवढ्याच बिंदूवर सोन्यात मिसळतं. ९०० अंशांच्या आसपास तो बिंदू जुळतो, बाकी सोनं जागचं हलत नाही. लिटलडेल या इंग्रज कारागिराने १९३० च्या दशकात या पद्धतीचं पेटंट घेतलं. तांब्याच्या आणखी एका खनिजाला क्रिसोकोला म्हणतात; त्या ग्रीक शब्दाचा अर्थच सोन्याचा गोंद. म्हणजे खनिजाचं नाव सोनाराच्या पाटावरून आलेलं आहे. भूशास्त्र आणि आपला धंदा यांचं नातं इतकं जुनं आहे की ‘प्रेरणा’ वगैरे शब्द मला जरा नवखे वाटतात. सोनाराने कसोटी घासली तीही एका काळ्या, बारीक कणांच्या दगडावरच.

खऱ्या वस्तू वापराव्यात का? उत्खननातल्या आणि जुन्या वस्तूंना माझं उत्तर ‘नाही’ असं सरळ आहे. मण्याचं मोल तो कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाला यात असतं. उपटून काढला की ती माहिती कायमची गेली. १९७० चा युनेस्कोचा करार चोरट्या व्यापाराविरुद्ध आहे, आणि कागदपत्रं नसलेला ‘प्राचीन’ मणी एक तर त्या व्यापारातला असतो किंवा खोटा. व्यवहारातली अडचणही आहे. मातीतून निघालेल्या काशाच्या अंगात क्लोराइड दडलेलं असतं. घामाचा ओलावा मिळाला की फिकट हिरवी भुकटी फुटू लागते, आणि धातू पोखरत जातो. त्यापेक्षा तो मणी कसा केला ते शिका. सिंधू संस्कृतीतले लाल अकीकाचे लांब मणी उरच्या थडग्यांतही सापडले. त्यांना भोक पाडायच्या दगडी गिरमिटाने आजच्या प्रयोगांत तासाला सुमारे अडीच मिलिमीटर खोली मिळाली. भोक दोन्ही टोकांकडून पाडत, आणि मधे दोन्ही मिळतात तिथे बारीकशी पायरी राहते. सहा सेंटिमीटरच्या मण्याला नुसतं भोक पाडायला २४ तास! हे कळल्यावर मी अकीकाच्या मण्याचं भोक टोप्यांखाली लपवणं बंद केलं.

जीवाश्मांचं प्रकरण थोडं सैल आहे. देशोदेशीचे कायदे वेगळे असतात. उगम लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. पायराइटचं, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचं, सोनेरी अमोनाइट (वेटोळ्या शिंपल्याचा जीवाश्म) मोहात पाडतं, पण काही पायराइट दमट हवेत सडतं आणि त्यातून गंधकाचं आम्ल निघतं. माझ्या एका लटकनाने सहा महिन्यांत स्वतःचंच घर हिरवं करून टाकलं होतं. दोष माझाच, वर्षभर खडा नुसता ठेवून बघायला हवा होता. उल्कापाषाणही असाच गंजतो, त्याला वरचेवर तेल-मेण लागतं. तरी त्याच्यावर माझा जीव आहे. इजिप्तमध्ये गेर्झेहला १९११ साली निघालेले लोखंडाचे नऊ मणी सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि ते उल्केच्या लोखंडाचे आहेत. ठोकून पातळ पत्रा केलाय आणि नळीसारखा गुंडाळलाय. आपणही तेच करतो, हातोडी तेवढी वेगळी.

खडे निवडताना कठीणपणा बघा, पण दागिन्याच्या जागेप्रमाणे. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि कठीणपणाच्या मोह्स मापावर गारगोटी ७. त्याखालचं सगळं रोजच्या अंगठीत हळूहळू धुरकट होतं. मॅलाकाइट ४ च्या आत, फ्लोराइट ४, कॅल्साइट ३: हे कानात, गळ्यात, ब्रोचमध्ये. फ्लोराइट चार दिशांना सहज फुटतो, घराची कड दाबताना जोर लावलात तर टक्‌कन आवाज येईल आणि संपलं. शुद्ध चांदीची पातळ कड घ्या, ती कमी जोराने वळते. मॅलाकाइट पिकलमध्ये कधीही टाकू नका, त्याचा पृष्ठभाग फसफसून मरतो. आणि कोणताही दगड कोरडा कापू नका. गारगोटीची धूळ फुप्फुसं कायमची खराब करते, मॅलाकाइटची विषारी. पाणी सोडून कापा, तोंडाला चांगला मास्क लावा.

दगड पूर्ण घासून गुळगुळीत करायचा हट्टही सोडून बघा. एक बाजू चकचकीत, बाकी साल तशीच. दागिने घडवणारा अँड्र्यू ग्रीमा लंडनमध्ये १९६० च्या दशकात न घासलेले स्फटिक सोन्यात बसवत असे, तेव्हा ते धाडस होतं. आज ते सगळेच करतात, त्यामुळे फक्त कच्चा खडा लावला की काम झालं असं समजू नका. खडा घरात कसा बसतो ते बघा: मूळ खडकातून स्फटिक वाढतो तसा धातूतून वर आलेला वाटला पाहिजे, वरून चिकटवलेला नाही. त्यासाठी मी आधी खडा मेणात टेकवून त्याच्या बुडाचा नेमका ठसा घेतो आणि घर त्या ठशावरून ओततो. खडा तेव्हा बाजूला काढलेला असतो, हे सांगायला नको.

शेवटचं, मागची बाजू. पुढून कितीही जुनं दिसो, मागे तुमचा शिक्का आणि साल ठोका, वाचता येईल असं. रुखोमोव्स्कीने ठोकलं असतं तर लूव्रचे पैसे वाचले असते.